वजन आणि आच : घरगुती नानकटाईविषयी प्रास्ताविक

घरच्या भट्टीत नानकटाई आणि तिच्या कुळातील खुसखुशीत बिस्किटे भाजण्याचा विषय एका स्वतंत्र पुस्तकाच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कारण आपल्या पाकशास्त्रीय वाङ्मयात चकली, करंजी, अनारसे यांचा सविस्तर परामर्श घेऊन झाल्यावर या पदार्थाच्या वाट्याला बहुधा प्रकरणाच्या शेवटच्या चार ओळी येतात, आणि त्या ओळींत तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसावी, मावेल तितका मैदा घालावा व बेताच्या आचेवर भाजावे, याहून अधिक काही सांगितलेले क्वचितच आढळते. मैदा किती मावतो हे तुपाच्या स्थितीवर अवलंबून असते, तुपाची स्थिती त्या दिवसाच्या उष्म्यावर, आणि बेताची आच म्हणजे किती हे तर ज्याच्या त्याच्या भट्टीवर. तेव्हा ज्या दोन गोष्टींवर या पदार्थाचे सारे यशापयश ठरते, नेमक्या त्याच दोन गोष्टी अदमासावर सोपविल्या गेल्या. घरची नानकटाई बिघडते ती करणाऱ्याच्या हाताला गुण नाही म्हणून नव्हे, जिन्नस हलके म्हणूनही क्वचितच. ती बिघडते वजन आणि आच यांचा हिशेब न ठेवल्यामुळे. हे आमचे ठाम मत आहे आणि प्रस्तुत पुस्तकाची उभारणी त्याच मतावर झालेली आहे.

पुस्तक कावेरीकाठच्या स्वामीमलै या गावी लिहिले गेले, यालाही काही अर्थ आहे. कुंभकोणमच्या पश्चिमेस, दोन-अडीच कोसांच्या आत वसलेले हे गाव मुरुगनाच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, सहा प्रमुख स्थानांपैकी एक. पुत्राने प्रत्यक्ष पित्याला प्रणवाचा अर्थ येथे सांगितला अशी कथा आहे, आणि देवळाच्या साठ पायऱ्यांना प्रभवादी साठ संवत्सरांची नावे दिलेली आहेत. यात्रेकरू त्या पायऱ्या चढून दर्शन घेऊन परततात. आमच्या विषयाशी निकटचा संबंध आहे तो मात्र देवळाशी नव्हे, तर गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या स्थपतींच्या कारखान्यांशी. मधमाश्यांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती प्रथम घडवावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या तलम मातीचा लेप द्यावयाचा, त्यावर जाड मातीचे थर चढवून ते तारांनी बांधावयाचे, मग साचा तापवून आतील मेण वितळवून काढावयाचे आणि रिकाम्या झालेल्या पोकळीत पंचधातूचा रस ओतावयाचा, अशी ही चोलकालापासून चालत आलेली पद्धती आहे. या सर्व व्यवहारात पाहणाऱ्याच्या सहज लक्षात न येणारी, पण सर्वांत महत्त्वाची क्रिया म्हणजे मातीचा पहिला लेप देण्यापूर्वी मेणाच्या मूर्तीचे वजन करणे; कारण धातू किती लागणार हे त्या वजनावरून ठरते, आणि धातू कमी पडला तर मूर्ती अपुरी राहते, तिला मागाहून पुरवणी जोडता येत नाही.

हे गणित फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात पितळ वा तांबे मेणाच्या आठपट, रुपे बारापट आणि सोने सोळापट घ्यावे असे प्रमाण दिलेले आहे. आणि मराठी वाचकाला विशेष कौतुक वाटावे अशी गोष्ट ही की, याच ग्रंथाच्या अन्नभोग नावाच्या प्रकरणात राजाने आपल्या पाकशाळेतील पदार्थांची रीतही सांगितली आहे. मूर्ती ओतणे आणि अन्न रांधणे हे दोन विषय एकाच ग्रंथात सांगण्यासारखे आहेत असे त्या राजाला वाटले, यात आम्हांला काही विसंगत वाटत नाही. दोन्हींत पदार्थाचे रूपांतर अग्नीने व्हावयाचे असते, दोन्हींत अग्नीच्या स्वाधीन केल्यावर हात घालता येत नाही, आणि म्हणून दोन्हींत जे काही शहाणपण दाखवावयाचे ते अग्नीपूर्वीच दाखवावे लागते. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. भट्टीत गेलेल्या नानकटाईत तूप जास्त झाले तर ते परत काढून घेता येत नाही.

या प्रदेशाचा मराठीशी असलेला संबंध नव्याने सांगण्याची गरज नसावी, तरी महाराष्ट्रातील तरुण वाचकांसाठी थोडा तपशील देतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरचे राज्य हस्तगत केल्यापासून १८५५ साली ते खालसा होईपर्यंत, पावणेदोनशेहून अधिक वर्षे, कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात मराठी ही दरबाराची आणि दफ्तराची भाषा होती. राज्य गेल्यावरही मराठी घराणी येथेच राहिली, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. अन्नविषयक लेखनाची या दरबाराला विशेष आवड असावी. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय लाभलेल्या रघुनाथपंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला, ज्यात अन्नद्रव्यांचे गुणदोष विस्ताराने सांगितले आहेत. पुढे १७९८ ते १८३२ या काळात राज्यावर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांनी १८०५ साली तंजावरात देवनागरी छापखाना घालून इसापनीतीचा मराठी अनुवाद छापविला, आपल्या मुदपाकखान्यातील कृतीही मराठीत लिहवून घेतल्या. 'सरभेंद्र पाकशास्त्र' या नावाने त्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांत देशी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही जागा मिळाली आहे. परक्याची वस्तू आवडली तर ती तोंडी न ठेवता लिहून घ्यावी, तिचा जिन्नसवार तपशील ठेवावा, ही त्या राजाची दृष्टी आम्हांला आजही अनुकरणीय वाटते. बिस्किटासारख्या, युरोपीय भट्टीतून आपल्याकडे आलेल्या पदार्थाला तर ही दृष्टी अधिकच लागू पडते.

नानकटाईचा उगम सुरतेस डच व्यापाऱ्यांच्या भट्टीत झाला आणि डच निघून गेल्यावर ती भट्टी चालविणाऱ्या पारशी कारागिरांनी तिला आजचे रूप दिले, अशी परंपरा सांगितली जाते. महाराष्ट्रात ती आली आणि स्थिरावली ती बेकरीच्या द्वारे. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी रवा, मैदा, साखर आणि तूप किंवा डालडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत जावे, तेथे रांगेत आपला नंबर लावावा, कारागिराने परातीत मळून, पत्र्यांवर गोळे मांडून, भाजून दिलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणावी, ही रीत पुण्या-मुंबईत काय नि तालुक्याच्या गावी काय, अनेक पिढ्यांनी अनुभवली आहे. त्या नानकटाईची चव अजून जिभेवर आहे असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात, आणि घरच्या विजेच्या भट्टीत तशी होत नाही अशी खंतही तीच व्यक्त करतात. ही खंत खरी आहे, पण तिचे कारण शोधण्याचा प्रयत्न फार थोड्यांनी केला.

आमच्या मते कारण असे. बेकरीतील कारागीर तराजूने मापत असे, हा एक भाग. पण त्याहून मोठा भाग विटांच्या भट्टीचा होता. लाकडे जाळून तापविलेल्या त्या भट्टीत आधी पाव भाजले जात, ज्यांना २२० अंश सेल्सिअसच्या पुढची प्रखर उष्णता लागते, आणि पाव निघाल्यावर, विस्तव विझलेला, पण विटांत साठलेली उष्णता हळूहळू उतरत चाललेली, अशा वेळी नानकटाईचे पत्रे आत सरकविले जात. नानकटाईला हवी असते १६० ते १७० अंशांची, चोहोबाजूंनी सारखी आणि क्रमाने मंदावत जाणारी आच; ती तेथे आपोआप मिळत असे. घरची छोटी भट्टी याच्या अगदी उलट वागते. तिच्या तारा लाल होतात, विझतात, पुन्हा लाल होतात; दार उघडले की क्षणात उष्णता निघून जाते; आणि तिच्या खटक्यावर लिहिलेला आकडा व आतील खरी उष्णता यांत वीस-वीस अंशांचे अंतर असू शकते. तेव्हा बिस्किटे भाजू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम खरेदी करावयाची वस्तू म्हणजे साचे नव्हेत, रंगीत कागदी वाट्या नव्हेत, तर भट्टीत ठेवावयाचा एक साधा उष्णतामापक आणि ग्रॅम दाखविणारा एक काटा. या दोन वस्तूंवरचा खर्च एका दिवाळीतच वसूल होतो. भट्टी निदान पंधरा-वीस मिनिटे आधी तापवावी, म्हणजे तिच्या भिंती तापतात, नुसती हवा नव्हे. पत्रा मधल्या खणात ठेवावा. आणि काळ्या पत्र्यापेक्षा फिकट रंगाचा ॲल्युमिनियमचा पत्रा पसंत करावा, कारण काळा पत्रा उष्णता अधिक शोषून तळ करपवितो.

आता तुपाकडे वळू, कारण या पुस्तकातील सर्वांत दीर्घ प्रकरण तुपाचेच आहे आणि ते तसे असण्याला स्थानिक कारणही आहे. वैशाखाच्या दिवसांत, ज्यांना तमिळ लोक अग्निनक्षत्राचे दिवस म्हणतात, कुंभकोणमच्या परिसरात फडताळातले तूप पातळ तेलासारखे होऊन राहते. अशा तुपात साखर कितीही फेसली तरी हवा धरत नाही, कारण हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवण्याचे काम तुपाचे घट्ट कण करतात, द्रव भाग नव्हे. आणि अशा मिश्रणात मैदा मावतोही अधिक, म्हणून करणारा तो घालत जातो व हाती येतात ते कोरडे, भुगा होणारे गोळे. उलट मैदा वजनानेच घातला, पण तूप पातळच राहिले, तर भट्टीत शिरताच गोळा पसरतो, कडा पातळ होऊन करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. दोन्ही दोषांवर उपाय एकच : तूप लोण्यासारखे मऊ पण घट्ट असतानाच फेसावे, त्यासाठी उन्हाळ्यात ते थोडा वेळ शीतकपाटात ठेवून घ्यावे, आणि मळलेले गोळेही भाजण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास गार करावेत. पुण्यात पौष महिन्यात हा खटाटोप अनावश्यक ठरेल. स्वामीमलै येथे तो बारा महिने करावा लागतो. म्हणूनच एका गावाची कृती दुसऱ्या गावी जशीच्या तशी चालत नाही, आणि म्हणूनच कृतीबरोबर तिची कारणे सांगणे आम्ही आवश्यक मानले.

तुपाऐवजी लोणी घेतले तर आणखी एक विचार उद्भवतो. बाजारच्या लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असते, घरी घुसळलेल्या ताज्या लोण्यात त्याहून अधिकही असू शकते, आणि तुपात ते जवळजवळ नसते. मैद्याला पाणी मिळाले आणि वर मळणे घडले की त्यातील प्रथिनांचे चिवट तंतू बनतात. पावाला ते भूषणावह, बिस्किटाला घातक. आपल्या आज्यांना हे शास्त्र पुस्तकी परिभाषेत ठाऊक नसेल, पण करंजीच्या पिठाला पाणी लावण्यापूर्वी त्यात कडकडीत मोहन चोळण्याचा दंडक त्यांनी घालून दिला तो याच तत्त्वावर : स्निग्ध पदार्थाचे आवरण पिठाच्या कणाला आधी मिळाले की पाणी त्याच्यापर्यंत पुरते पोहोचत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. नानकटाई म्हणजे मोहनाचेच टोकाला नेलेले रूप होय. ज्या घरात करंजी उत्तम होते त्या घरात नानकटाई बिघडण्याचे कारण नाही. फक्त मैदा घातल्यावर मळण्याचा मोह आवरावा, गोळा जुळून आला की हात थांबवावा.

आमच्या पुस्तकातील मूळ प्रमाण येथेच नमूद करतो : मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, तूप ११० ते १२० ग्रॅम, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि वेलदोडा-जायफळ आवडीप्रमाणे. बेसनाने रंग आणि खमंगपणा येतो, रव्याने दाताला किंचित कणी लागते. या तांदळाच्या मुलखात मैद्यातला थोडा भाग कमी करून तितकी तांदळाची पिठी घालण्याचा प्रयोग अवश्य करावा, कारण तांदळात ते चिवट तंतू बनतच नाहीत आणि कुरकुरीतपणा वाढतो. नारळाचा किस घालावयाचा तर गोव्याच्या बोलिन्हांकडे पाहावे, ज्यांत रवा, नारळ आणि अंड्याचा बलक यांचा मेळ ख्रिस्ती गृहिणींनी फार सुंदर बसविला आहे. सोड्याविषयी मात्र सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. खाण्याचा सोडा रंग लवकर आणतो आणि गोळा पसरवितो. त्याला दह्यासारखे आंबट काही मिळाले नाही किंवा प्रमाण अधिक झाले, तर साबणासारखी चव मागे राहते, आणि ती वेलदोड्याने झाकली जात नाही.

साखरेचा विचार बहुतेक लोक गोडीपुरता करतात, तो अपुरा आहे. पिठीसाखरेने कण बारीक व एकजीव होतो, दाणेदार साखर भट्टीत वितळून बिस्किटाला पसरविते व कडा कुरकुरीत करते. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून गुळाचे बिस्कीट मऊ राहते आणि ते कुरकुरीत व्हावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात रूथ वेकफील्ड या बाईंनी आपल्या टोल हाउस नामक खानावळीत चॉकलेटचे तुकडे घालून जी बिस्किटे प्रचारात आणली, ती कडेने कुरकुरीत व आत मऊ होतात, त्यालाही लोणी, मळीयुक्त तपकिरी साखर आणि अंडे यांचे प्रमाणच कारण आहे. परदेशी गेलेल्या मराठी घरांतील मुले आज तीही आवडीने भाजतात. नियम त्यांना तोच लागू.

ओलाव्याचा प्रश्न या खोऱ्यात विशेष बिकट. ऐप्पसि म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकाच्या सुमाराचा महिना येथे ईशान्य मोसमी पावसाचा असतो, आणि दिवाळी नेमकी त्यातच येते. महाराष्ट्रात आकाश निवळून हवा कोरडी होत असताना येथे दिवसचे दिवस झड लागलेली असते. अशा हवेत उघड्यावर राहिलेली नानकटाई पाहता पाहता मऊ पडते. ती भट्टीतून काढल्यावर पत्र्यावर पाचेक मिनिटे राहू द्यावी, कारण गरम असताना ती नाजूक असते आणि निवतानाच तिला बळकटी येते. मग जाळीवर पूर्ण गार करावी, आणि गार होताच, मुळीच वेळ न दवडता, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. कोमट असताना भरली तर तिचीच वाफ तिला मऊ करते. मऊ पडलीच तर १२० ते १३० अंशांवर सात-आठ मिनिटे पुन्हा तापवून निववावी. पहिला खुसखुशीतपणा बऱ्याच अंशी परत येतो. कुंभकोणमच्या डिग्री कॉफीबरोबर खावयाची तर ती अशीच, पूर्ण निवलेली आणि कोरडी असावी.

भाजणे केव्हा थांबवावे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचे उत्तर मिनिटांत देता येत नाही. १६५ अंशांवर लिंबाएवढ्या गोळ्याला साधारणतः पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. पण खरी खूण ही की वरच्या पृष्ठावर भेगा पडलेल्या असाव्यात, कडेला फिकट सोनेरी छटा दिसावी, तळ बदामी झालेला असावा आणि मधोमध बोट टेकविल्यास अजून किंचित मऊ लागावे. वरून पूर्ण बदामी होईपर्यंत थांबणारा मनुष्य उशीर करतो, कारण तापलेला पत्रा बाहेर काढल्यावरही आपले काम चालूच ठेवतो.

आपल्याकडील पाकशास्त्रलेखनाची परंपरा लहान नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्रा'ने आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने प्रमाण सांगण्याची शिस्त मराठी स्वयंपाकघराला लावली. ओगलेबाईंनी वाटी-चमच्याचे माप घराघरांत रुजविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. आम्ही त्यापुढे एकच पाऊल टाकून वाटीच्या जागी ग्रॅम घातले आहेत, कारण दाबून भरलेली आणि हलकेच भरलेली मैद्याची वाटी यांत पुष्कळ फरक पडतो, आणि भाजीत खपून जाणारा तो फरक नानकटाईत खपत नाही.

वाचकांना विनंती एवढीच की, पुस्तकातील कोणतीही कृती प्रथम करताना साऱ्या गोळ्यांची भट्टी एकदम लावू नये. आधी एकच गोळा भाजून पाहावा. तो पसरला तर उरलेले गोळे आणखी गार करावेत, त्याला मुळीच भेगा पडल्या नाहीत किंवा तो दगडासारखा राहिला तर चमचाभर तूप वाढवावे, तळ करपला तर आच दहा अंशांनी उतरवावी. जो फेरफार करावा तो वजन, उष्णता व वेळ यांसह त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावा. आपल्या गावची हवा आणि आपली भट्टी यांना साजेसे प्रमाण त्या वहीत तयार होईल, आणि ते या पुस्तकातील प्रमाणाहून निराळे निघाले तर वाचकांनी आपलेच खरे मानावे.

स्वामीमलै